अनसच्या टेपची रुजवात

१

रसूल आतार वारले त्याला पन्नास दिवस होऊन गेल्यावर त्यांच्या कुलूपबंद खोलीतून एक कॅसेट नाहीशी झाली. एवढंच असतं तर वहिदाने मला इंदापूरहून बोलावलं नसतं. कॅसेट गेली त्याच आठवड्यात त्या खोलीतल्या संगणकावर एका खेळाच्या नावापुढचं चिन्ह बदललं होतं, आणि तसं चिन्ह लिहायला त्या घरात रसूलभाईंखेरीज कुणी धजावत नसे.

फोनवर वहिदाचा आवाज अगदी शांत होता. मला तीच गोष्ट आवडली नाही.

"स्वरूपे, चौतीस वर्सं दारात थांबलेला माझा अनस परवा घरात आला," ती म्हणाली. "त्याला कुणी आणला, तेवढं बघून सांग. माझं डोळं जायच्या आधी सांग."

वहिदा आणि मी इंदापुरात एका बाकावर शिकलो. ती लग्न होऊन बारामतीला लागून असलेल्या जळोचीत गेली. मी तहसिलीत चिकटले आणि बत्तीस वर्षं नक्कल शाखेत काढली. जुन्या दस्तांच्या नकला करून द्यायच्या, हे आमचं काम. त्यात माणूस दोन गोष्टी शिकतो. अक्षर ओळखू येतं आणि कागद खोटं बोलत असला तर हातात घेताच कळतं. आमचे हे म्हणायचे, तिसरी गोष्ट म्हणजे तोंड सुटतं. असो. निवृत्तीनंतर गावातल्या दोन-तीन हरवल्या-चोरल्याच्या भानगडी मी निस्तरल्या. तेव्हापासून लोक मला बोलावतात, मी नको नको म्हणते आणि जाते.

अनस हा वहिदाचा थोरला मुलगा. एक्क्याण्णव साली, सतराव्या वर्षी, तो कालव्यात पोहायला गेला आणि परत आला नाही. त्याला मातीत ठेवलं त्या दिवशी मी जळोचीत होते.

निमगाव केतकीच्या पुढे एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली. मला एकच प्रश्न खात होता. गेलेला मुलगा घरात आला, असं म्हणणाऱ्या बाईच्या आवाजात आनंद का नव्हता?

२

दार शाहिदने उघडलं. वहिदाचा हा धाकटा मुलगा चव्वेचाळीस वर्षांचा, बारामतीत त्याचं मोबाइलचं दुकान आहे.

"मावशी, आलाव ते बरं झालं. अम्मीला समजवा जरा. म्हनती, अब्बा खोलीत येत्यात. मी म्हनतो, खोली मोकळी करू, त्या जुन्या डब्ब्यांचं काय करायचंय? तर किल्ली कमरंची काढत न्हाय."

"आणि कॅसेट?"

"मला काय ठावं? मी त्या खोलीत पाऊल टाकत न्हाय. ल्हानपनापास्नं अब्बांनी माझ्यापरीस त्या खोलीला टाइम जास्त दिला." बोलून झाल्यावर तो ओशाळला.

मी आत वळले आणि माझा गुडघा जिन्याच्या खालच्या पायरीवर सणकून आदळला. बैठकीतून सरळ वर चढणारा जिना आहे तो. शिवी ओठांवर आली होती, ती गिळली.

"जपून मावशी, ती सगळ्यांना लागती," शाहिद म्हणाला. "माझ्या लग्नात वर माडी काढली, तवाचा हाय जिना. नवरी दारात आली तवा सिमेंट वलंच हुतं."

"माझ्या पावलाचा ठसा हाय बघा त्या पायरीवर," पाण्याचा तांब्या घेऊन आलेली त्याची बायको आसिया म्हणाली. ठसा खरंच होता. चाळिशीची, कमी बोलणारी, हात सतत कामात असलेली ही सून मला नेहमीच आवडत आली आहे.

वहिदा आतल्या खोलीत खाटेवर होती. तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला आणि अगदी जवळ ओढून पाहिला. काचबिंदूने तिची नजर कडेकडेने खात आणली होती. आता समोरचं हातभर तेवढं दिसत होतं.

"डाक्टर म्हनला, दिवाळीपत्तूर," ती म्हणाली. "चल. आधी दावते."

कमरेची किल्ली काढून तिने रसूलभाईंची खोली उघडली. बारामतीत त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वद साली त्यांनी पुण्याहून टीव्हीला जोडायचा एक छोटा संगणक अनससाठी आणला. त्यातले खेळ साध्या गाण्याच्या कॅसेटवर भरलेले असत. कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये लावली की गाण्याऐवजी कर्कश किंचाळी निघायची आणि ती ऐकून संगणक खेळ उभा करायचा. अनसने वर्षभरात स्वतः एक खेळ लिहिला. तो गेला आणि रसूलभाईंनी जगभरचे असे जुने खेळ गोळा करायला घेतले. कॅसेटींचा जमाना गेला, नवा संगणक आला, चार हजारांवर खेळ त्यात जाऊन बसले. त्या सगळ्यांच्या आधीचा पहिला खेळ अनसचा होता, आणि नाहीशी झालेली कॅसेट त्याचीच मूळ टेप.

वहिदाने सवयीच्या बोटांनी तो लावला. अक्षरं इंग्रजी होती, मी आपल्या लिपीत लिहिते: जळोची (१९९१)(अनस) आणि त्यापुढे चौकटी कंसात उद्गारचिन्ह.

काळ्या पडद्यावर चौकोनाचौकोनांचा एक मुलगा चालू लागला. चिंच आली, आड आला, बांधलेली शेळी आली. मग हे घर आलं. मुलगा दारात पोचला.

"हितंच थांबायचा," वहिदा म्हणाली. "टेपचा पुढचा तुकडा खराब, म्हनून दार उघडायचं न्हाय. दर शुक्करवारी हे नमाज करून आलं की लावायचं. आमी दोगं बघायचो. पोरगं दारापत्तूर यायचं आन उभं ऱ्हायचं. चौतीस वर्सं. आता बघ."

दार उघडलं. मुलगा आत शिरला. आत चूल होती, मागे वर जाणारा जिना होता, आणि डोईवर पदर घेतलेली एक बाई दोन्ही हात पुढे करून उभी होती.

भर दुपारचे अडीच वाजले होते आणि माझ्या अंगावर काटा आला. ते मी लपवत नाही.

"आसियानं मला दावलं, नाव बदललंय म्हनून," वहिदा माझं मनगट धरून म्हणाली. "ह्यांनी मला शिकवलंय, उद्गारचिन्ह म्हंजी खरं. मला एवढंच सांग, हे माझ्या अनसच्या हातचं हाय का? डोळ्यांनी शेवटचं जे बघायचं ते खरं असावं. दुसरं काय मागनं न्हाय माझं."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालून दीपक पणदऱ्याहून मोटरसायकलवर आला. हा अनसचा वर्गमित्र. आता पन्नाशीचा, गोठ्यात बारा म्हशी. पण रसूलभाईंच्या छंदात तो तीस वर्षं त्यांचा जोडीदार होता. मी त्याला खोलीत बसवलं आणि संगणक सुरू केला.

उद्गारचिन्ह पाहून तो उठूनच उभा राहिला.

"ताई, हे कुनी लिवलं?"

"तेच शोधायला आलेय. आधी मला ही चिन्हं समजावून सांग. मी अडाणी आहे असं धर."

त्याने फळीवरची रसूलभाईंची वही काढली. पहिल्याच पानावर सुबक अक्षरात यादी होती. जगभरचे संग्राहक खेळाच्या नावापुढे अशी चिन्हं लिहितात, त्यातली रसूलभाईंनी घेतली होती. ए म्हणजे त्याच खेळाची दुसरी प्रत. बी म्हणजे बिघडलेली. यू म्हणजे अर्धवट, टेप पुरती उतरलीच नाही अशी. एच म्हणजे मूळ खेळात मागाहून दुसऱ्या कुणी हात घातलेली.

"आन उद्गारचिन्ह म्हंजी मूळ टेपशी ताडून बघितली आन तंतोतंत निघाली," दीपक म्हणाला. "चाचा त्याबाबतीत लई कडक. स्वतः उतरवलेल्या खेळावर एकट्यानं कदी चिन्ह लावायचं न्हाईत. मी हितं येऊन मूळ टेप लावायची, त्यांनी नक्कल लावायची, दोनी जुळल्या की वहीत दोगांच्या सह्या. मग चिन्ह. म्हनायचं, इंदापूरच्या स्वरूपाबाईंकडनं शिकलोय."

मला एकदम आठवलं. रसूलभाई एकदा वडिलांच्या मिळकतीची नक्कल घ्यायला आमच्या खिडकीशी आले होते. नकलेखाली दोन सह्या का, म्हणून विचारत होते. मी सांगितलं होतं, एक नक्कल करणाऱ्याची आणि एक रुजवात घेणाऱ्याची. एकाने मूळ वाचायचं, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवायचं. ज्याने लिहिलं त्याला स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून दोन माणसं. ते हसून गेले होते. माझं एवढं ऐकणारा माणूस मला अख्ख्या नोकरीत दुसरा भेटला नाही.

"मग अनसच्या खेळापुढे आधी काय होतं?"

"यू. अर्धवट. पयल्यापास्नं."

वहीचं ते पान मी शोधून काढलं. जळोची, अनस, यू. पुढे रसूलभाईंची सही. मी मागची पुढची पन्नास पानं उलटली. प्रत्येक ओळीला दोन सह्या होत्या, र आणि दी. अगदी बिघडलेल्या खेळांनाही होत्या, कारण बिघाडसुद्धा ताडून पाहिलेला होता. दुसरी सही नसलेली ओळ साऱ्या वहीत एकच.

"दीपक, ह्या टेपची रुजवात तू घेतली नाहीस?"

त्याने मान खाली घातली. "न्हाय ताई. ती टेप चाचांनी माझ्या हातात कदीच दिली न्हाय. मी एकदा इचारलं, तर पयल्यांदाच माझ्यावर खेकसलं. परत इचारलं न्हाय."

"आता ती टेप तुझ्याकडे आहे का?"

त्याचा चेहरा पडला. "ताई, अनस माझा दोस्त हुता. संगनकातली ही समद्या खेळांची चकती मी पनदऱ्याला न्यायची म्हनत हुतो, शाहिद भंगारात घालंल ह्या भीतीनं. पर चोरून? न्हाय. आन मी असतो तर दुसऱ्या सहीबगर चिन्ह लावलं असतं व्हय?"

बोलणं खरं वाटलं. पण मला वाटणं हा पुरावा नव्हे. प्रश्न आता दुप्पट झाला होता. चिन्ह कुणी लावलं, हा एक. आणि शिस्तीचा एवढा पक्का माणूस त्या एकाच टेपच्या वेळी शिस्त का विसरला?

४

शुक्रवार उजाडला. वहिदा सांगत होती की हे गेल्यापासून चार शुक्रवार दुपारी त्या बंद खोलीतून टेपची किंचाळी येते. तिने स्वतः ऐकली होती.

"आन मी एकलीनं न्हाय," ती म्हणाली. "आसियानंबी ऐकली. काय गं?"

"व्हय अम्मी," आसिया उशीच्या अभ्र्यावर फुलं भरत होती. कापडाचे धागे मोजून एकेक टाका घालायचं ते काम. तिने मान वर केली नाही. "मला तर भ्याच वाटलं."

दुपारची नमाज झाली. शाहिद दुकानातून परस्पर मशिदीत गेला होता. इतर दिवशी तो या वेळी जेवायला घरी येतो, शुक्रवारी उशिरा. वहिदा खाटेवर आडवी झाली. आसियाने येऊन तिच्या दोन्ही डोळ्यांत औषधाचे थेंब घातले आणि कमरेला टोचू नये म्हणून किल्ली काढून उशीखाली सरकवली.

"पाव तास डोळं मिटून पडायचं, डाक्टरचा हुकूम," वहिदा मला म्हणाली. "ह्याच टायमाला येतो आवाज. ऐकत बस."

मी स्टूल घेऊन खोलीच्या दाराशी बसले. समोर कुलूप. घर निपचित होतं. कुठेतरी शेळी ओरडली. पाव तास झाला, अर्धा झाला. दाराआडून चकार शब्द निघाला नाही.

"आज आलं न्हाईत," वहिदा डोळे पुसत म्हणाली. ती एवढीशी झाली होती. "तू हायस म्हनून आलं न्हाईत."

तिला वाटत होतं, मी तिच्या नवऱ्याला बाहेरच अडवलं. मला मात्र दुसरंच वाटत होतं. मेलेला माणूस पाहुण्याला कशाला भिईल? पाहुण्याला भितो तो जिवंत.

मी किल्ली मागून घेतली आणि एकटी आत गेले. तो खेळ पुन्हा लावला. पोराला चिंचेवरून, आडावरून दारापर्यंत चालवलं. दार उघडलं. या वेळी मी रडणाऱ्या बाईची मैत्रीण म्हणून पाहत नव्हते. नक्कल शाखेत बसून पाहत होते, बोट फिरवत, एकेक चौकोन.

चूल, बाई, पदर, जिना.

माझं बोट जिन्यावर थांबलं. गुडघा अजून ठणकत होता.

५

आसिया गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी जिना चढून वर गेले आणि धापा टाकत पाण्याच्या टाकीला टेकले.

"आसिया, चिन्ह तू लावलंस."

तिच्या हातातला पिळा तसाच राहिला.

"सांगते कसं कळलं ते," मी म्हटलं. "त्या चित्रात मागे जिना आहे. अनस गेला एक्क्याण्णवला. जिना झाला शाहिदच्या लग्नात, त्यानंतर पंधरा वर्षांनी. म्हणजे ते चित्र अनसचं नाही. आता कुणाचं? शाहिद ह्या घरात जिन्याशिवाय पंचवीस वर्षं वावरला. दीपक त्याआधीपासून येतोय. दोघांपैकी कुणी एक्क्याण्णवचं घर काढायला बसलं असतं तर जिना काढला नसता. जिन्याशिवायचं घर ज्याने कधी पाहिलंच नाही, असं माणूस इथे एकच. तुझं तर पहिलं पाऊलच त्या पायरीवर उमटलंय."

तिने पिळा बादलीत ठेवला.

"बाकी सोपं आहे. डोळ्यांत थेंब तू घालतेस, किल्ली उशीखाली तू ठेवतेस. पाव तास तिने डोळे उघडायचे नाहीत. शुक्रवारी शाहिद उशिरा येतो. आणि काल मी इथे, म्हणून तुझं भूत गप्प बसलं. काल नव्हे, आजच. बघ, तुझ्यामुळे वारही चुकायला लागले माझे."

ती हसली आणि त्याच हसण्यात तिला रडू फुटलं. ओल्या चादरीत तोंड घालून ती रडली.

"अब्बांनी शिकवलं मला," थोड्या वेळाने ती म्हणाली. "चा घिऊन जायची, तितं बसायची. म्हनायचं, तुला धागं मोजता येत्यात, मग चौकोनबी मोजता येतील. वर्साला थोडं थोडं करत समदं शिकवलं. कुनाला पत्ताच न्हाय. सुनेला काय येतंय, हे इचारतंय कोन?" तिने नाक पुसलं. "अम्मीचं डोळं चाललं. मला वाटलं, एकदा तरी त्येला घरात आलेला बघू दे. म्हनून पुढचा तुकडा मी केला. उद्गारचिन्ह असल्याबगर त्यांना पटलं नसतं."

"टेप का लावत होतीस?"

"पुढचं खरं काय सापडतंय का, म्हनून. तीन शुक्करवार लावली, कायतरी बारीक सापडंल म्हनून. चौथ्याला माझा तुकडा जोडून बघितला."

"आणि मग कॅसेट लपवलीस. इथे मी अडले होते, आसिया. आधी वाटलं, मूळ टेपशी तुझी नक्कल जुळणार नाही म्हणून लपवलीस. पण मूळ अर्धवट आहे हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. अर्धवट टेप लपवून काय मिळायचं? मग मला वहीतली रसूलभाईंची एकटीच सही आठवली. त्यांनीही ती टेप कुणाला ऐकू दिली नाही. ती नुसती अर्धवट नाही. तिच्यावर काहीतरी आहे."

तिचा चेहरा पांढरा पडला.

"मावशी, तुमच्या पाया पडते. अम्मीला सांगू नगा."

"काय ते मला आधी कळू दे."

वरच्या खोलीत तिच्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या डब्याखाली, ती कॅसेट होती. तिच्यावर अनसच्या तिरक्या अक्षरात नाव. तिने ती शाहिदच्या दुकानातल्या एका जुन्या वॉकमनमध्ये घातली, बटण दाबलं आणि इअरफोन माझ्या कानात बसवले.

किंचाळी सुरू झाली. बराच वेळ ती चालू होती. मग कुणी दोरी कापावी तशी ती तुटली, आणि एक बाई बोलली.

तो आवाज मी ओळखला. तो वहिदाचा होता, सदतीस वर्षांची होती तेव्हाचा.

६

नऊ सेकंद होते ते, किंचाळीच्या मानाने इतके बारीक की बंद दाराबाहेर पोचले नसते.

जुन्या टेपरेकॉर्डरवर लाल बटण एकटं दाबलं तरी भरणी सुरू व्हायची. अनस आपला खेळ लावून अंगणात गेला होता. किंचाळी असह्य झाली म्हणून वहिदा आत आली, बंद करायला गेली आणि चुकून लाल बटण दाबलं. आवाज थांबला, म्हणजे तिच्या मते टेप बंद झाली. खरं तर त्या क्षणापासून टेपवर खेळ पुसला जाऊन त्या जागी तिचं बोलणं भरलं जात होतं. घरात घेणारं दार तिनेच पुसलं होतं. काय पुसलं गेलं ते अनसने तिला कधी सांगितलं नाही, पुन्हा लिहीन म्हणाला असेल. त्याच आठवड्यात तो कालव्यावर गेला.

रसूलभाईंना टेप लावल्या दिवशीच कळलं असणार. टेप पुरती उतरली होती, तिच्यात वहिदाचा हात पडला होता; तरी त्यांनी वहीत यू लिहिलं, अर्धवट. चार हजार खेळांत त्यांनी खोटं चिन्ह लावलं ते हे एक. म्हणून तिथे दुसरी सही नव्हती. रुजवात घेणाऱ्याने टेप ऐकली असती.

"आता कळलं न्हवं?" आसिया म्हणाली. "समजलं तर त्या जगायच्या न्हाईत, मावशी. माझं चित्र राहू द्या. तुमी नुसतं म्हना, खरं हाय."

मी वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत बसले. बत्तीस वर्षांत खोट्या रुजवातीवर मी एकदाही सही केली नाही. त्या दुपारी करावीशी वाटली. वहिदासाठी केली असती, मला त्याची लाजही वाटली नसती. पण मग माझ्या डोक्यात आलं की ह्या नऊ सेकंदांत वहिदा एकटी नव्हती. मी टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली.

"आसिया," मी म्हटलं, "अनसचा आवाज घरात दुसरा कुठे आहे?"

"कुठंच न्हाय. फोटू दोन हायेत तेवढं."

"वहिदाचे डोळे चाललेत. कान नाही."

तिला समजायला क्षणभर लागला. मग ती वॉकमन छातीशी धरून खालीच बसली.

शाहिद आल्यावर आम्ही चौघं रसूलभाईंच्या खोलीत बसलो. टेपवरचं बोलणं सोडून मी वहिदाला सगळं सांगितलं, कुणालाही मध्ये बोलू न देता. चित्र आसियाचं आहे, हेही सांगितलं. वहिदाने सुनेचा हात चाचपून धरला आणि म्हणाली, "राहू दे ते. पर त्यावर तुझं नाव लिव." आसियाने तिथल्या तिथे उद्गारचिन्ह पुसून एच लिहिलं आणि पुढे स्वतःचं नाव घातलं. शाहिद बायकोच्या बोटांकडे पाहत होता. एकोणीस वर्षांच्या संसारात ती बोटं तो पहिल्यांदा पाहत होता बहुतेक.

मग मी म्हटलं, "वहिदे, टेपवर तुझा हात लागलाय. तुझ्याच हाताने शेवट पुसलाय. ऐकायचंय?"

"लाव."

जुना टेपरेकॉर्डर फिरू लागला. खोली किंचाळीने भरली, शाहिदने कान झाकले. किंचाळी तुटली.

"अनस! बंद केलं रं ते, डोस्कं उठलं माझं! जेवान निवतंय, ये की आत!"

आणि लांबून, अंगणातून, फुटू लागलेल्या आवाजात: "आलो गं अम्मी, आलो!" पळत येणारी पावलं, मग अगदी जवळून, "अगं, लाल कशाला दाबलंस..." आणि खट्.

आसिया पुटपुटली, "अम्मी, तुमची चूक न्हाय..."

"गप," वहिदा म्हणाली. "परत लाव."

तीनदा लावली. तिसऱ्यांदा ती रडली नाही, तिचा चेहरा दगड झाला होता.

"ह्यांना ठावं हुतं?"

"होय," मी म्हटलं.

"पयल्यापास्नं?"

"होय. तुला लागू नये म्हणून..."

"लागलं असतं!" ती ओरडली. मी तिला जन्मात ओरडताना ऐकलं नव्हतं. "एकदा लागलं असतं, स्वरूपे! रडली असते, ऊर बडवला असता, आन मग ऐकत बसली असते. चौतीस वर्सं मी त्येचा आवाज आठवायला बघत हुते. कसा बोलायचा, अम्मी कसं म्हनायचा. यायचाच न्हाय ध्यानात. आन ह्यो मानूस भिंतीपलीकडं तो कुलपात ठिवून माझ्या शेजारी झोपत हुता."

मला रसूलभाईंची बाजू घ्यायची होती, ते भले गृहस्थ होते, पण हिशेब जुळेना. कॅसेट लपवली आसियाने, सात दिवस. त्यांनी लपवली ती आयुष्यभर.

वहिदा उठली आणि चाचपडत टेपरेकॉर्डरपाशी जाऊन बसली.

"आसिया, बटनं माझ्या बोटाला शिकव," ती म्हणाली. "मागं घ्यायचं कुठलं, लावायचं कुठलं. दिवाळीनंतर मला कुनाला हाका मारायला नगं."

आसियाने तिचं बोट धरून पहिल्या बटणावर ठेवलं.

"न्हाय. आदी लाल दाव."

"अम्मी, आता ते दाबलं तरी काय व्हत न्हाय. अब्बांनी कॅसेटची पट्टी मोडून ठिवलीया, वरनं काय भरत न्हाय."

"तरीबी दाव."

आसियाने दाखवलं. वहिदाचं बोट त्या लाल बटणावर बराच वेळ तसंच राहिलं, न दाबता. मग ते हळूच शेजारी सरकलं, आणि तिने टेप लावली.